बसवलेला बाप

खुंटी बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वर असावी, वीतभर. खाली असली की मान पुढं येते.

काळा रंग पाण्याशिवाय चढत नाही.

अहमदपूरच्या स्टँडवर भजी तळत होते. वीरण्णांनी तिकडं पाठ केली.

"इतर," कारकून म्हणाला.

कंधारच्या साहेबरावला काखेत गुदगुल्या होतात.

ज्याला बोलावणं येतं, त्याला दाराशी पोचायच्या आधीच सगळं माहीत असतं.

डी.एड. डी.एड. डी.एड. बसच्या चाकांतूनसुद्धा तोच आवाज.

*

हे सगळं एकाच पोरीचं आहे. जरा ओळीनं लावू.

पोरीचं नाव गौरम्मा. लातूरची. गंजगोलाईत बापाचं हळद-मिरचीचं दुकान. लातूरला जिल्हा होऊन तेव्हा अजून वर्ष व्हायचं होतं. कलेक्टर कचेरीवरच्या पाटीचा रंग अजून ओला आहे असं लोक गमतीनं म्हणायचे, आणि त्या उन्हाळ्यात गावात ओली म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. नळ आठवड्यातनं एकदा यायचा. आला तरी सुरुवातीला नुसती हवा सोडायचा, म्हाताऱ्यानं घसा खाकरावा तशी. मग प्रत्येक घरात ज्याच्या त्याच्या नावाच्या घागरी. ही प्यायची, ही अव्वाची, ही अप्पांची, ही गौराची.

गौरम्माला नाटक शिकायचं होतं. स्नेहसंमेलनातलं नाटक नव्हे. वर्गात बसून, पदवी मिळते ते. नांदेडच्या एका कॉलेजात यंदापासून तसा अभ्यासक्रम निघणार होता आणि त्यासाठी निवड होती. नांदेडात आत्याचं घर होतं, म्हणून एवढी तरी गोष्ट बोलायला जागा होती. वीरण्णांनी, म्हणजे तिच्या बापानं, आठ दिवस काही उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी तराजूची पारडी पुसता पुसता म्हणाले, "एकदा. एकदाच. नाव लागलं तर आत्याकडं ऱ्हा, शीक. न्हाई लागलं तर गप डी.एड. कर, आन पुन्हा नाटकाचं नाव घरात काढायचं न्हाई. हाव का?"

"हाव अप्पा."

बोलणी संपली. भीती सुरू झाली.

*

पत्रात लिहिलं होतं: काळे, सैल कपडे घालून यावे.

वीरण्णांच्या घरात काळं म्हणजे एक छत्री. लग्नाच्या वयाच्या पोरीला काळं शिवायचं हे पार्वतम्मांच्या, तिच्या आईच्या, डोक्यात बसेना. शेवटी कॉलेजचा जुना पांढरा पंजाबी ड्रेस रंगवायचं ठरलं. रंगाची पुडी आली. मग पाणी.

"रंगाला घागरभर पाणी?" पार्वतम्मा म्हणाल्या. "आन मग प्यायचं काय, रंग?"

"अव्वा, माझ्या घागरीतलं घेते."

"तुझी घागर सकाळीच सरली. केस कुणी धुतले?"

परीक्षेला केस धुवून जावं असं गौरम्माला वाटलं होतं. मूर्खपणा झाला होता. ती घमेल्याजवळ पुडी हातात धरून बसून राहिली, दिवेलागण होईपर्यंत. मग दिवा लावायला आत गेली आणि परत आली तर घमेल्याशेजारी भरलेली घागर. अव्वा विरघळली, असं तिनं मनाशी धरलं. विचारायला गेली नाही. विचारलं की घागर परत जाईल असं वाटलं. ड्रेस बुडवला, ढवळला, काळा केला. साध्या पाण्यातून खळबळून काढायला दुसरी घागर लागली असती. ती मागायची हिंमत नव्हती. तसाच पिळून दोरीवर टाकला.

सकाळच्या बसमध्ये अहमदपूर यायच्या आत मानेला घाम आला आणि घामाबरोबर रंग. रुमाल काळा झाला. मग रुमालानं पुसलेलं कपाळ.

"अप्पा, भजी घेऊ का तुमाला? न्हाईतर भाकर सोडते."

"भूक न्हाई."

लोह्यालाही भूक नव्हती. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललेलं दिसलं; गाडीतले सगळे तिकडं बघायला वाकले, वीरण्णा तेवढे सरळ बसून होते. आपल्यावर राग धरलाय, गौरम्माच्या मनात आलं. आणि रागावलेल्या बापाबरोबर परीक्षेला जाणं म्हणजे काखेत निखारा घेऊन जाणं.

*

वीरण्णांचं आणखी एक सांगायचं राहिलं, ते इथंच सांगतो.

त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत. बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळाला पंचा बांधून तो मागं खुंटीला. डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग. कपाळाला विभूती. बसलेला जातो, बसलेलाच पुरतात. आणि हे अंग ताठायच्या आत व्हावं लागतं. गल्लीत कुणाचं असं झालं की वीरण्णांना बोलावणं यायचं, कारण त्यांच्या हाताला ते जमायचं. गेलेली बाई असली तर बाईमाणसाचा हात लागायचा. पार्वतम्मांना ते सोसायचं नाही, म्हणून गौरम्मा जायची. पंचा धरायची. गुडघा दाबायची. भजन म्हणणाऱ्यांत बसायची. तिला त्याची भीती वाटत नसे. भीती वाटे ती कारकुनांची.

वीरण्णा तसे कडक. सकाळी अंघोळ, मग पूजा, मग अन्न. अंघोळीवाचून पूजा नाही, पूजेवाचून घास नाही. दारूचं तर सोडाच, खोकल्याच्या औषधाला वास आला तरी बाटली परत करायचे.

*

कारकून जिल्ह्याजिल्ह्यानं नावं पुकारत होता. नांदेड. परभणी. बीड. उस्मानाबाद. एकेक गठ्ठा सोडायचा, पोरं आत जायची, कुणी रडून बाहेर यायचं, कुणी उगाच हसत. ऊन कलायला लागलं. गौरम्माचं नाव काही येईना. तोंडचं पाणी पळालं म्हणतात. तिच्या तोंडात पळण्याजोगं काही उरलं नव्हतं.

"माझं नाव राहिलं का?"

"जिल्हा?"

"लातूर."

"लातूर उस्मानाबादेत."

"वेगळा झाला आता."

"झाला असंल. गठ्ठा न्हाई झाला." त्यानं खालून एक पातळसा गठ्ठा काढला. "इतर. हे बघा, हाय. इतरमंदी दोघंच. तुमी आन हे कंधारचे. ह्यांनी जिल्हा लिहिलाच न्हाई."

कंधारचा तो साहेबराव. उंच, पांढरा शर्ट, काळा सदरा कुणी दिला नाही म्हणून तसाच आलेला. त्याचं आधी झालं. बाहेर आला आणि म्हणाला, "मला म्हनले तू थांब, तिचा बाप व्हायचंय तुला. नुसतं पडून ऱ्हायचं. एवढं तर मला घरीबी येतंय."

*

हॉलमध्ये दोघं जण. चारठाणकर सर, चष्मा कपाळावर. चंद्रप्रभा मॅडम, हातात पुठ्ठ्याचा पंखा. साहेबराव जमिनीवर आडवा झालेला.

"हे तुझे वडील," सर म्हणाले. "झोपलेत असं मी म्हणत नाही, आजारी आहेत असंही म्हणत नाही. ते तू ठरव. तू बाहेरून घरी येतेस. बोलायचं नाही. काय झालंय ते आम्हाला कळलं पाहिजे."

आधीच्या पोरींचं रडणं तिनं दाराबाहेरून ऐकलं होतं. तिला मरणच सुचलं. तिला तेवढंच येत होतं.

आत आली. ओढणी कमरेला खोचली. थेट त्याच्याजवळ. पाय दुमडले, मांडी घातली. काखेत हात घालून उचललं. साहेबराव वळवळला. ओढत भिंतीला नेलं, टेकवलं. ओढणी सोडून त्याच्या कपाळाला बांधली, दुसरं टोक नसलेल्या खुंटीला. भस्म लावलं, नसलेलं. हात उघडून तळव्यावर ठेवलं, तेही नसलेलं. साहेबराव बिचारा मदत करत होता: डोळे मिटून, पाठ ताठ, मान ताठ, ओठ दाबलेले.

आधी मॅडमच्या पंख्याआडून आवाज आला. मग सर मोठ्यानं हसले.

"वा! वा वा!" सर म्हणाले. "बाप झिंगून पडलाय, दारात पाहुणे आलेत, आणि पोरगी त्याला माणसात बसवतेय. आणि डोकं बांधून ठेवलंस, काय ते! विनोदाला मुली मिळत नाहीत हो मॅडम. ही मिळाली."

मॅडम डोळे पुसत होत्या. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

म्हणजे जागा मिळाली होती. समोर टेबलावर होती. एक 'हो सर' म्हणायचं बाकी. तिनं तोंड उघडलं, आणि सरांच्या मागच्या खिडकीत तिला वीरण्णा दिसले. हातात पिशवी, गजाला कपाळ टेकलेलं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ऐकलंही होतं.

हो. हो सर. हो, पिलेलेच आहेत.

"न्हाई सर."

"काय नाही?"

"ते पिलेले न्हाईत." तिला शुद्ध बोलायचं होतं, सबंध बसमध्ये घोकलं होतं, सगळं वितळून गेलं. "ते गेलेले हायत."

पेन थांबलं. मॅडमनी पंखा खाली ठेवला. तिच्याकडं पाहून म्हणाल्या, "तुमच्यात बसवतात. मला माहीत आहे. मी उदगीरची, शेजार सगळा तुमचाच. लहानपणी पाहिलंय मी." मग हळू म्हणाल्या, "तरी मी हसले. असं का झालं?"

माहीत नसलेला माणूस हसला असता तर त्याला समजावून सांगता आलं असतं.

"म्हणजे आम्हाला जे आवडलं ते तू केलंच नव्हतंस," सर म्हणाले. "मग गुण कशाचे देऊ?" टोपण पुन्हा बसलं. "आम्ही चहा घेऊन येतो. तोवर विचार कर. पुन्हा हेच करायचं. तेच मरण, तसंच बसवणं, हाच मुलगा. या वेळी आम्हाला हसू आलं..."

वाक्य त्यांनी अर्धंच ठेवलं. उरलेलं तिला पाठ होतं.

*

व्हरांड्यात.

"बाप म्हनून मलाच बसवलंस काय गं?"

"सरच म्हनले, हे वडील हायत म्हनून."

"सांगणाऱ्याचं काय जातंय." वीरण्णा बाकावर बसले. "आन गाठ पुढं मारलीस. गाठ मागं असती."

"अप्पा, ते गाठीला न्हाई हसले."

"मग पिलेला तर पिलेला म्हनायचं. त्यांनी दिलं व्हतं की पदरात."

"तुमी खिडकीत होता."

"मी काय, मी कुठंबी असतो."

पुढं काय करायचं ते त्यांनी सांगावं असं तिला वाटत होतं, आणि त्यांना तेवढंच ठाऊक होतं: खुंटी, पंचा, गाठ.

"भाकर खा की आता तरी. सकाळधरून काय न्हाई पोटात."

"भूक न्हाई म्हनलं ना."

ती पाणी शोधायला गेली. कॉलेजच्या माठात तळाशी होतं. पेला तिरका करून अर्धा भरला. परत आली.

वीरण्णा भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले. तोंड थोडं उघडं. मान हळूहळू खांद्याकडं चाललेली.

गौरम्मा थांबली.

हाक मारली असती तर कळलं असतं. म्हणून ती हाक मारेना. छाती हलतेय का ते बघावं, तर नजर छातीवर जाईना. चपलेवर जाई, पिशवीच्या बंदावर जाई. पेला हातात. मिशीवर माशी बसली, उडाली नाही. लांबून कुठूनतरी चहाच्या कपांचा आवाज येत होता. तिला वाटलं, असंच उभं राहावं, म्हणजे काहीच झालेलं नसेल.

मग मान निसटली, आणि तिच्या आधी तिचा हात तिथं पोचला. डोकं तळव्यात पडलं. जड. एवढं जड असतं हे तिला ठाऊक होतं, आणि नव्हतंही.

"काय गं?" वीरण्णा दचकून म्हणाले.

"काय न्हाई."

"डोळा लागला. ऊन लई हाय." गालावर पाच काळी बोटं उमटली होती. तिनं सांगितलं नाही.

पाणी त्यांनी एका घोटात संपवलं.

*

तिला आणि वीरण्णांना नेहमी बोलावणं यायचं. कुणीतरी धावत यायचं, अमका गेला, चला. ती दोघं त्या घरात शिरायची तेव्हा घरातलं कळणं होऊन गेलेलं असायचं. उरलेलं असायचं ते काम. इतक्या घरांत ती गेली, इतकी माणसं बसवली, पण कळण्याच्या वेळेला ती एकदाही कुठं हजर नव्हती. म्हणून मघाशी हॉलमध्येही ती बोलावलेल्या माणसासारखी आली, आणि ओढणी खोचून कामाला लागली. मेलेल्याकडं असं कुणी घरचं येत नाही. असं येतात ते रोज झिंगणाऱ्या बापाकडं.

"ए लातूर," साहेबराव शर्ट दाखवत म्हणाला, "तुझा रंग बघ. काखेत पंजा उठलाय. आता घरी सांगू काय?"

"साहेबराव, एक करशील? मान धरून ठेवू नको."

"मग पडंल की."

"पडू दे. मी धरते."

"आन काखेत न्हाई घालायचा हात."

"न्हाई घालत. मनगट धरते."

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. थट्टा गिळली. "बरं," म्हणाला.

*

दार.

ती येते. हातात पिशवी आहे, खरीच, वीरण्णांची. ती खाली ठेवते. काहीतरी सांगायचंय म्हणून तोंड उघडते.

नाही सांगत.

पेला शोधते. पाणी ओतते. पेला घेऊन येते. थांबते.

पेला कुठं ठेवायचा ते तिला कळत नाही. पेला हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. इकडं ठेवते, तिथून उचलते.

(पंख्याचा आवाज बंद.)

वाकते. पायाच्या बोटाला बोट लावते, चटका बसल्यासारखं काढते. पुन्हा लावते, ठेवते.

आता घाई. एकदम. गुडघा दुमडत नाही, ती दाबते, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून. मनगटं धरून उठवते. पाठ भिंतीला. आणि साहेबराव मान सोडतो.

डोकं पडतं. ती धरते. ओढणी बांधायला दुसरा हात हवा. दुसरा हात सोडला की डोकं पडतं. पुन्हा धरते. पुन्हा पडतं. इथं हसू यायला पाहिजे. यापेक्षा हसण्यासारखं काही नाही, एक पोरगी आणि एक न राहणारं डोकं. तिला स्वतःलाच घशात हसू येतं, भीतीचं, ओकारीसारखं. आलं तर संपलं. ती ते डोकं पोटाशी धरते आणि तशीच, न बघता, त्याच्या मागं गाठ मारते.

मागं.

कपाळाला बोटं लावते. भस्म पांढरं असतं. उमटतं ते काळं.

मॅडमकडून एक आवाज आला. गौरम्माचे खांदे आवळले. तो हसण्याचा आहे का, हे तिला तिकडं न बघता ओळखायचं होतं, आणि ओळखता येईना.

*

साहेबराव बांधलेल्या डोक्यानं तसाच बसून होता.

मॅडम खाली मान घालून पंख्याची काडी सरळ करत होत्या. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, काहीतरी लिहिलं, ते खोडलं की अधोरेखित केलं ते तिला उलट्या बाजूनं दिसेना.

"तुझा रंग जातोय," सर म्हणाले.

"हो सर."

"सगळीकडे लागलाय. त्याच्या कपाळाला, भिंतीला."

"पुसते सर."

"भिंत राहू दे. घरी गेलीस की ड्रेस नीट पाण्यातून काढ. वर्षभर घालायचाय हा."

तिला आधी नुसतं पाणी ऐकू आलं. एवढं पाणी आणायचं कुठून, हाच विचार तिच्या मनात आला आणि चेहरा पडला.

"अगं बाई," साहेबराव मिटल्या डोळ्यांनी पुटपुटला, "घेतलं की तुला. आता सोड मला."

गाठ मागं होती, आवळून बसलेली. सुटता सुटेना. मॅडम उठून आल्या आणि त्यांनी ती सोडवली.

बाहेर वीरण्णा बाकावर नव्हते. खिडकीशीही नव्हते. मग दिसले, फाटकाशी, रिक्षावाल्याला लातूरची शेवटची गाडी विचारत. पाठमोरे. हात फाटकाला धरलेला.

"काय म्हनले?"

"ड्रेस धुऊन घे म्हनले. वर्षभर लागंल म्हनले."

"हाव," वीरण्णा म्हणाले. मग, "गाठ?"

"मागं मारली."

ते चालायला लागले. दोन पावलं टाकून थांबले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ तो काढला नाही. त्यांच्या गालावर पाच काळी बोटं तशीच होती.

आदल्या संध्याकाळी घमेल्याशेजारी ठेवलेली घागर वीरण्णांच्या अंघोळीची होती.